रास्त भाव

रेशनच्या दुकानावर पाटी आहे:
रास्त भाव धान्य दुकान.
खाऱ्या वाऱ्याने मधला 'स्त' खाल्ला,
तरी आम्ही सगळे ते बरोबर वाचतो.

पाटीखाली तारामती खवणेकर
मशीनच्या काचेवर अंगठा टेकून उभी.
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
उजवा. डावा. पदराला पुसून परत उजवा.
मग तर्जनी, मग करंगळीसुद्धा.
मागे रांग खोकते.
"मी हंय उबी आसंय," ती मशीनला सांगते,
"आणि तू खंय बगतंस?"

रेषा कुठे गेल्या ते मला माहीत होतं.
बावीस हंगाम परक्या शेडमध्ये काजू फोडून.
टरफलाचा चीक आधी तांबूस दिसतो, मग काळा,
राख चोळा, खोबरेल लावा,
कातडी निघतेच, कात टाकल्यासारखी.
मजुरी किलोवर.
आणि किलो शेठच्या काट्यावरचा,
अकराशे ग्रॅम झाल्याशिवाय
त्याला किलो म्हणवत नसे.
गर तुटला तर तो तारामतीचा,
अख्खा निघाला तर शेठचा.

आम्ही चौदा जणींनी
बर्फाच्या बंद कारखान्याची शेड भाड्याने घेतली.
भिंतींना अजून बांगड्याचा वास होता.
पहिली खरेदी काट्याची.
त्या दिवशी एकही बी तोलली नाही,
एकेक जण त्यावर चढून
स्वतःचं वजन बघत राहिली.
अनुसयेला पटेना. ती दोनदा चढली.

मग लांबून एक गिऱ्हाईक आलं, वही घेऊन.
त्याने भाव सांगितला नाही, विचारलं:
तुम्हांला किती परवडतं?
आम्ही गप्प.
हा प्रश्न आमच्याकडे कुणी
पाहुणा म्हणूनसुद्धा आला नव्हता.

तीन रात्री हिशोब चालला.
लाकूड, वीज, पोती, टेम्पो.
हातमोजे लिहू का, मी विचारलं.
लिही, म्हणाल्या.
जयवंती म्हणाली, आणि पाठ?
पाठदुखी कुठल्या रकान्यात लिहायची
ते मला बारावीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.
मी एक नवा रकाना आखला,
वर काहीच लिहिलं नाही,
आकडा मात्र टाकला.
गिऱ्हाइकाने त्या आकड्यावर बोट ठेवलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि पान उलटलं.

आता भाव भिंतीवर असतो, खडूने,
हंगामाच्या आधी.
होळीपूर्वी निम्मे पैसे येतात,
बी रोखीने घेता येते,
कुणाच्या ओसरीवर ताटकळावं लागत नाही.

पण हे सगळं गोड नाही.
एका साली मळभ हटेना, गर दमट राहिला,
अकरा डबे परत आले.
सोबत कागद होता, त्यात कारण.
आम्ही भांडलो. आधी त्यांच्याशी, मग एकमेकींशी.
रास्त म्हणजे माफ नव्हे,
हे कळायला ते अकरा डबे लागले.
घरोघरी दिवाळीला आम्ही तेच काजू खाल्ले,
बावीस हंगामांत पहिल्यांदा
अख्खे.

शेठनेही मजुरी वाढवली म्हणे.
कशामुळे, ते तो सांगत नाही.
आम्हीही विचारत नाही.

मोजे घालून दोन वर्षं झाली.
तारामतीच्या अंगठ्यावर
काहीतरी उमटायला लागलंय,
भरती ओसरल्यावर वाळूवर राहतं तसं, पुसट.
काल ती रेशनला गेली.
अंगठा टेकला.
मशीन पिंक् करून वाजलं,
रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली.

तिने वळूनही पाहिलं नाही.
पिशवी पुढे केली,
दुकानदाराने तांदूळ ओतायला माप उचललं,
आणि ती म्हणाली,

"थांब रे.
आदी काटो शून्यार हाड."